चौकची अंगठी

मी राखीव खेळाडू होतो, हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या कुणी दात काढत सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. आमच्या गावच्या कबड्डी संघात सात जण मैदानात असायचे आणि आम्ही उरलेले बाहेर सतरंजीवर. अंगात तोच बनियन, गुडघ्याला तोच पट्टा. सामना सुरू व्हायच्या आधी मी मूठभर माती घेऊन मांड्यांना फासायचो, नाहीतर बघणाऱ्यांना वाटायचं की हा कुणाचा तरी पाव्हणा येऊन बसलाय.

ज्या वर्षी आमच्या मंडळाने तालुक्याची स्पर्धा मारली, ती अख्खी स्पर्धा मी त्या सतरंजीवर काढली. अंतिम सामना खालापूरच्या बाजूला होता. शेवटच्या चढाईला आमचा जो गडी गेला, तो माझा लहानपणापासूनचा दोस्त. एकाने त्याचा घोटा धरला, दुसरा कमरेला लटकला, आणि हा पठ्ठ्या त्या दोघांना ओढत, मातीवर पोटाने सरपटत मधल्या रेषेपर्यंत आला. बोटं रेषेला लागली तेव्हा तोंडातून ‘कबड्डी कबड्डी’ चालूच होतं. मी असा उडालो की शेजारचा पाण्याचा तांब्या लवंडला. जिंकल्यावर सगळे त्याला उचलायला धावले, तर तो त्यांना चुकवून सतरंजीकडे आला आणि मला म्हणाला, "तू आत असतास तर हरलोच असतो रं!" आणि माझ्या गळ्यात पडून रडायला लागला. असा होता तो. मायेने बोलणं त्याला जमायचं नाही, चिमटा काढूनच बोलायचा.

मग गावच्या देवळासमोर सत्कार झाला. मंडळाने कर्जतच्या बाजारातल्या सोनाराकडून चांदीच्या अंगठ्या करून घेतल्या होत्या. सात खेळाडूंच्या सात. राखीव खेळाडूंना टॉवेल आणि नारळ. मी टॉवेल खांद्यावर टाकून, हसत, टाळ्या वाजवत उभा राहिलो. घरी येऊन नारळ फोडला तर तो नासका. आई म्हणाली, "नासका निघणं चांगलं असतं रं, देवानं घेतला." मी तो उकिरड्यावर भिरकावला आणि त्या दिवशी जेवलो नाही.

अंगठी तशी साधीच. वर चौकोनी चपटा भाग, त्यावर मंडळाच्या नावाची दोन अक्षरं, खाली चढाईला गेलेल्या गड्याची आकृती, एक पाय मागे उचललेला. सोनाराने ती हाताने कोरली होती, त्यामुळे सातांपैकी कुठलेही दोन गडी सारखे नाहीत. एकाचा पाय आखूड, एकाची मान लांब, एक तर लंगडी घातल्यासारखा दिसतो. त्या काळात आमच्या भागात बरीच मंडळं अशा अंगठ्या करायची. आता कुणी करत नाही. आता माणसाएवढा चषक देतात, वरून सोनेरी आणि आतून पोकळ, नाहीतर थेट मोटारसायकल.

जमवायला लागलो तो योगायोगानेच. साजगावच्या कारखान्यात मी लेथवर होतो आणि त्या सातांमधला एक जण आमच्याच खात्यात होता. एकदा डबा खाताना म्हणाला, "नातीचं बारसं हाय. ती जुनी अंगठी मोडून वाळं करतो." माझ्या हातातला घास तसाच राहिला. म्हटलं, "थांब जरा, मोडू नकोस. तेवढ्याच वजनाची चांदी मी तुला देतो, तू तिचे वाळे कर." तो हसला. त्याला काय, चांदीला चांदी मिळाली. मी ती अंगठी घरी आणली, दार लावून घेतलं आणि बोटात घालून बघितली. सैल झाली. तरी बराच वेळ काढली नाही.

तिथून जे खूळ लागलं ते लागलंच. वजनाला वजन चांदी द्यायची आणि अंगठी आणायची. दुसऱ्या मंडळांच्या आणल्या, गावोगावच्या आणल्या. कुणाची देव्हाऱ्यात देवाच्या पायाशी, कुणाची पोराच्या करगोट्यात ओवलेली, कुणाची गोधडीच्या घडीत. कितीतरी ठिकाणी मी पोहोचायच्या आत ती वितळून जोडवी झालेली असायची. लोक म्हणायचे, "चांदी ती चांदी, अंगठी काय नि जोडवी काय?" मी दारातच भांडायचो. म्हणायचो, "अहो, तुम्ही तुमच्या आज्याचा पराक्रम मोडलात!" माझ्या स्वभावाला औषध नाही, आमच्या घरात सगळे हेच म्हणतात.

घरात तर मी वेडाच ठरलो होतो. पण एकदा माझ्या मुलीने मोबाइलवर मला काहीतरी दाखवलं. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. चेंडू, फळी आणि धावाधाव, आपल्या क्रिकेटचा लांबचा भाऊ. तिथे जो संघ वर्षाची मोठी स्पर्धा जिंकतो त्याच्या प्रत्येक खेळाडूला अंगठी मिळते. जुन्या स्पर्धांच्या अंगठ्या जमवणारी माणसं तिथे आहेत. कुठल्या खेळाडूची कुठे गेली, कुणाच्या पोराने विकली, कुणाची हरवली, याचा शोध घेण्यात त्यांचा जन्म जातो. मला असा आनंद झाला की मी बायकोला हाक मारून सांगितलं, "बघ, जगात मी एकटाच नाही!" ती म्हणाली, "मग ते तरी घरात भाजी आणून देतात का, बघा."

मी त्या अंगठ्यांच्या फोटोला प्लास्टिक लावून घेतलं आणि खिशात घेऊन फिरायला लागलो. कुणी अंगठी द्यायला कां-कूं केलं की फोटो काढायचो.

तोवर माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली होती. इतर अंगठ्या किती का मिळेनात, आमच्या संघाच्या सातही एकत्र झाल्या पाहिजेत. आमच्या मंडळाला पन्नास वर्षं व्हायची होती, माघी गणपतीत मोठा कार्यक्रम ठरत होता. मी भिसेगावातल्या सुताराकडून एक काचेची पेटी करून घेतली. आत निळी मखमल आणि सात खाचा. पन्नाशीच्या कार्यक्रमात ही पेटी गावासमोर ठेवायची आणि खाली चिठ्ठी लावायची: संग्राहक, अमुक अमुक. टॉवेल-नारळवाल्याचं नाव शेवटी त्या अंगठ्यांबरोबर लागलं असतं. एवढंच मला हवं होतं. छोटं आहे, मला कळतं, पण हवं होतं.

सहा खाचा भरल्या. खालापूरच्या नाक्यावर आमचा एक गडी बेकरी चालवायचा. पकडीत त्याच्यासारखा कुणी नव्हता, त्याने घोटा धरला की समोरच्याने घरची आठवण काढावी. त्याच्या अब्बांनी ती अंगठी मलमलच्या फडक्यात ठेवली होती, उघडल्यावर अत्तराचा वास आला. तो म्हणाला, "चांदी-बिंदी नको रे, तुझ्याकडे राहील तर नीट राहील. फक्त येत जा." नानकटाईचा पुडा पण दिला. मी "येतो, येतो" म्हणत स्कूटरला किक मारली. बाकीच्यांकडूनही थोड्याफार फरकाने अशाच आल्या. सगळे खूश, मीही खूश.

राहिली सातवी, चौकची.

म्हणजे त्याची, चढाईवाल्याची. लग्नानंतर तो चौक गावाला गेला आणि जुन्या हायवेवर त्याने गॅरेज टाकलं. ट्रकचे पाटे, पंक्चर, वेल्डिंग, सगळं. आता मुलं बघत होती आणि हा दारात लोखंडी खुर्ची टाकून बसायचा, समोर रस्ता आणि मागे इर्शाळचा डोंगर. अंगठी बोटातच. बोट जाड झालेलं, अंगठी रुतलेली, अक्षरांच्या खाचांत वर्षानुवर्षांचं काळं ग्रीस भरलेलं. मला ते ग्रीस बघूनच कसंतरी व्हायचं. वाटायचं, ब्रश घेऊन आत्ता साफ करावी.

कर्जतहून चौक काही लांब नाही. मी महिन्या-दीड महिन्याने जायचोच. गेलो की चहा यायचा, बाजूच्या ढाब्यावरचा, वर साय धरलेला. मग इकडचं-तिकडचं. मग मी विषय काढायचो.

"मग? देतोस का?"

"काय?"

"काय म्हणजे? अंगठी."

"आज नाय. आज मंगळवार."

पुढच्या खेपेला अमावस्या असायची. त्याच्या पुढच्या खेपेला हात सुजलेला असायचा. एकदा मी चिडून बेसबॉलचा फोटो त्याच्या नाकासमोर धरला. "बघ, तिकडे लोक कशा जपतात! एवढ्या जाड, हिऱ्याच्या!" त्याने चष्मा कपाळावर चढवून नीट बघितलं आणि म्हणाला, "ही अंगठी हाय का वरवंटा? घालून जेवत कसं असतील रं?" गॅरेजातली पोरं खो-खो हसली. मी तोंड वाकडं केलं. तो म्हणाला, "बस रं, रागावू नको. वडा मागवतो."

थट्टा करायचा, पण नाही असं तोंडाने कधी म्हणाला नाही. एकदा मी हातच जोडले. म्हटलं, "बाबा रे, पन्नाशी जवळ आली. सहा आहेत, तुझी एक नाही. पेटीत भोक दिसतंय." तेव्हा त्याने अंगठी बोटावर फिरवायला बघितली, ती फिरली नाही. म्हणाला, "मी मेल्यावर ने. घरात सांगून ठेवलंय. पोरांना पण म्हाईत हाय. तुझीच हाय ती."

मला वाटलं, चला, सुटलं एकदाचं. स्कूटरवर बसलो आणि चौकच्या बाहेर पडल्यावर गाडी कडेला घेतली. मेल्यावर ने. म्हणजे आता मी कशाची वाट बघायची?

पुढे पुढे मी फोन केला की तोच आधी बोलायचा, "अजून हाय रं! अंगठी बोटात हाय नि बोट मला हाय!" आणि हसायचा. मी म्हणायचो, "काहीतरी बोलू नकोस, तब्येत कशी आहे?" माझी मुलगी एकदा बाजूला बसून हे ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "बाबा, खरं सांगा, तुम्ही काकांची तब्येत विचारताय की अंगठीची?" मी तिच्यावर असा ओरडलो की ती उठून आत गेली. खरं तेच झोंबतं.

श्रावणात तो पडला. साखर वाढलेली, पायाला जखम झालेली, ती चिघळली. पनवेलच्या दवाखान्यात नेला. मी गेलो तेव्हा त्याला ऑपरेशनला आत न्यायची तयारी चालली होती. नर्स म्हणाली, "अंगावर काही धातू नको, अंगठी काढावी लागेल." साबण लावला, निघेना. मग तिने बोटाला दोरा घट्ट गुंडाळला आणि तो उलगडत उलगडत अंगठी वर सरकवली. त्याला दुखत होतं, पण तो छताकडे बघत पडून राहिला. अंगठी निघाली. खाली बोटाला पांढरा फटक वळ.

मी अगदी पलंगाजवळ उभा होतो. माझा हात पुढे गेला. आपोआप गेला, मी ठरवून काही केलं नाही. नर्स पण माझ्याच हातावर ठेवायला निघाली. तेवढ्यात तो म्हणाला, "त्याच्याकडं नको. हिच्याकडं द्या." आणि मान वळवून वहिनींकडे बघितलं. वहिनींनी पदराच्या टोकात अंगठी बांधली. माझा हात हवेतच राहिला. वॉर्डातल्या परक्या माणसांनी पण बघितलं.

मला असा राग आला म्हणता! म्हटलं, मी काय चोर आहे? पळवून नेणार होतो? सातांमधले किती जण आले होते दवाखान्यात? मी आलो होतो ना! ऑपरेशन नीट झालं, एवढं कळल्यावर मी निघून आलो. गणपतीत फोन केला नाही. त्याचे दोनदा आले, मी उचलले नाहीत. दसरा गेला, दिवाळी गेली. मी म्हटलं, घाल तुझी अंगठी खड्ड्यात.

थंडी पडल्यावर त्याच्या थोरल्या मुलाचा फोन आला. "काका, बाबांनी पोपटी लावायला सांगितलीय. वालाच्या शेंगा चांगल्या आल्यात. या म्हणतात तुमी." पोपटी म्हणजे आमच्याकडे जीव की प्राण. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, अंडी, कोंबडी भरायची, मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा, आणि मग शेतातच बसून खायचं. लहानपणी आम्ही दोघांनी किती जणांच्या शेतातल्या शेंगा चोरून पोपट्या लावल्या, त्याला गणतीच नाही. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आणि तरी मी म्हणालो, "बघतो, जमलं तर." गेलो नाही. मनात म्हटलं, मला पोपटीला बोलवून गोड बोलणार आणि अंगठीचं विचारलं की पुन्हा मंगळवार.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो गेला. सकाळी खुर्चीत बसला होता, चहा अर्धा प्यायला होता. मुलाने फोनवर एवढंच सांगितलं, "काका, बाबा गेले." मी म्हटलं, "येतो." आणि खाली बसलो. बायकोने विचारलं काय झालं, तर मी फोनच तिच्या हातात दिला.

त्याच्या तोंडावरचं कापड बाजूला केलं तेव्हा मी त्याच्या हाताकडे बघितलं नाही. मुद्दामच बघितलं नाही. कुणी बघत असेल तर त्याला दिसावं, असं बघितलं नाही. एवढा मी हलका माणूस आहे.

दहाव्याला नदीवर गेलो. पाताळगंगेच्या काठाला बरीच माणसं जमली होती. संघातले जे मागे राहिलेत ते सगळे आले होते. साजगाववाला होता, काठी टेकत. खालापूरचा बेकरीवाला होता, डोक्याला रुमाल बांधून, चपला बाजूला काढून. त्याने मला मिठी मारली आणि म्हणाला, "कुठे असतोस रे? अंगठी दिली त्या दिवसानंतर आज दिसतोयस." सहज म्हणाला, मनात काही ठेवून नाही. मी म्हटलं, "हो रे, राहून गेलं." साजगाववाल्याची नात, जिच्या बारशासाठी वाळे केले होते, ती आता कॉलेजात जाते म्हणे. मला पत्ताच नाही.

पिंड मांडला. केळीच्या पानावर भात, बाजूला वडा, चहाचा कप आणि वालाच्या शेंगा. पोपटीच्या. वहिनींनी मुद्दाम भाजून आणल्या होत्या. सगळे मागे सरकून उभे राहिले आणि कावळ्याची वाट बघायला लागले.

कावळे नव्हते असं नाही. ढाब्यांच्या गावात कावळ्यांना काय तोटा? दोन-चार समोरच्या झाडावर होते, त्यातला एक उतरून अगदी पानाजवळ आला, मान तिरकी करून बघितलं, आणि परत फांदीवर जाऊन बसला.

थोरला मुलगा हात जोडून पुढे झाला. "बाबा, गॅरेज विकणार नाय. आमी दोघं मिळून चालवू." काही नाही. धाकटा म्हणाला, "आईला कधी अंतर देणार नाय, बाबा." काही नाही. कुणीतरी म्हणालं बिडी ठेवा, बिडी ठेवली. भटजी घड्याळ बघायला लागले, त्यांना पुढे खोपोलीला अजून एक दहावा होता.

मग थोरल्याने माझ्याकडे बघितलं. शर्टाच्या खिशातून अंगठी काढली, हात वर धरला आणि मोठ्याने म्हणाला, "बाबा, तुमी कबूल केल्यापरमानं अंगठी काकांना देतो. आजच देतो. इथंच देतो."

सगळ्यांनी कावळ्याकडे बघितलं. मी अंगठीकडे बघितलं. काय खोटं सांगू? ग्रीस तसंच होतं त्या अक्षरांत.

कावळा हलला नाही. आता माणसं माझ्याकडे बघायला लागली. मला कळलं की आता बोलायची पाळी माझी. मी पुढे होऊन म्हणालो, "मला नको रे अंगठी. राहू दे तुझ्या घरात." आणि हे म्हणताना मनात कुठेतरी वाटलंच की, म्हटलं तरी देतीलच. देणारच आहेत. कावळ्याने चोच फांदीला घासली आणि तिथेच बसून राहिला.

तेव्हा मागे बायकांमध्ये बसलेल्या वहिनी बोलल्या. आवाज चढवला नाही की रडल्या नाहीत. म्हणाल्या, "अंगठीचं काय घिऊन बसलाव? अंगठी त्यांना द्यायचीच व्हती. कधीच द्यायची व्हती. मीच म्हणायचे, देऊन टाका, भावजी किती खेपा घालतात. तर म्हणायचे, दिली की गडी यायचा बंद होईल. सहा जणांकडनं नेली, कुणाच्या दारात परत गेला का इचार. मी देणार नाय. तेवढ्यापायी तरी येतोय."

बेकरीवाल्याने खाली बघितलं. साजगाववाला काठीने मातीत रेघा ओढत राहिला. मला त्या वेळी कुणीतरी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण मला वाईट वाटू नये म्हणून सगळे दुसरीकडे बघत होते. दवाखान्यात त्याने अंगठी माझ्या हातात का पडू दिली नाही, हे मला तेव्हा कळलं. आजारी पडलेल्या माणसाला मी यायला हवा होतो. चोर नव्हता समजत तो मला. आणि मी रुसून घरी बसलो होतो.

भटजी म्हणाले, "मग तसं बोला की. यायचं कबूल करा."

मी पाण्याच्या कडेला गेलो. कावळा लांब होता म्हणून ओरडूनच बोललो. "येईन रं! अंगठी असू दे नाय तर नसू दे, तुझ्या दारात येत जाईन!" किती वर्षांनी माझ्या तोंडून गावची बोली निघाली, मलाच कळलं नाही. सगळे थांबले होते. मी त्या काळ्या पाखराकडे असा बघत होतो की आयुष्यात कुणाकडे बघितलं नसेल.

तो आला नाही.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि विधी उरकला. नंतर लोक म्हणाले, गर्दी होती, वारा होता, पाखराला काय कळतं. मीही दुसऱ्यांना तसंच सांगतो. पण त्याला मी ओळखत होतो. तो माझ्या बोलण्यावर विसंबला नाही. कसा विसंबेल? ‘येतो, येतो’ म्हणत किक मारून जाणारा माणूस मी.

अंगठी थोरल्याने माझ्या मुठीत कोंबली. मी नको म्हटलं, आणि घेतली. माघी गणपतीत पेटी ठेवली, लोकांनी मोबाइलवर फोटो काढले, अध्यक्षांनी शाल घातली, चिठ्ठीवरचं माझं नाव मोठ्याने वाचलं. टाळ्या वाजल्या. ज्याने दोन माणसं ओढत आणून ती स्पर्धा जिंकून दिली होती, तो तेवढा नव्हता. मी मान खाली घालून उभा राहिलो, आणि लोकांना वाटलं, किती साधा माणूस.

कार्यक्रम झाल्यावर मी चौकला गेलो. गॅरेजात वेल्डिंग चाललं होतं. लोखंडी खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली, त्यावर टायरची ट्यूब टाकलेली. वहिनी आतून हात पुसत बाहेर आल्या. मला बघून जरा गोंधळल्या. मग काळजीने, खरंच काळजीने म्हणाल्या, "काय न्यायचं राह्यलं का, भावजी?"

"नाही वहिनी," मी म्हणालो, "असाच आलो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चहा टाकायला आत गेल्या. मी तिथेच उभा राहिलो. तेवढेच दोन शब्द मी तो असताना, त्याच दारात, एकदा तरी म्हणायला हवे होते.